डबीतला धागा

राजमती : "पाणी द्यायचं न्हाय हं बाई. थेंबभर बी न्हाय. ओठ सुद्धा भिजवायचे न्हाईत." अस्सा आवाज हुता. जाडा, तोंडात पान धरल्यासारखा. अजून कानात हाय बघ.

अनुराधा : कोणाचा आवाज, आई? बोलू नकोस, कापूस हलेल. मी एवढंच म्हटलं, की हा कापूस काढेपर्यंत पाणी पिऊ नकोस.

राजमती : त्येच. तू म्हणालीस आन् त्यो आवाज उठला.

अनुराधा : पण कोण होतं ते?

राजमती : कोण न्हाय. जुनं हाय. तू तुझं काम कर.

श्रेयांस : हल्ली ती असंच करतीया, आक्का. निम्मं बोलती, निम्मं गिळती. जेवायचं तेवढं मात्र गिळत न्हाय.

अनुराधा : तू जरा त्या स्टुलावर बस, श्रेयांस. उजेड अडवू नकोस. आई, आ कर. अजून थोडं. दुखतंय?

राजमती : न्हाय.

अनुराधा : डोळ्यांतनं पाणी येतंय तुझ्या.

राजमती : दिव्यानं येतंय.

अनुराधा : खालची हिरडी किती सुजलीय. दाबलं तर पू येतोय. गेल्या सोमवारी अशी नव्हती. चांगली खरडून, धुऊन, स्वच्छ केली होती मी. ह्या पुढच्या दातांशी दोन ठिकाणी औषधाचा धागा बसवला होता, वरनं चिकटवलाही होता. आई, तो धागा कुठं आहे?

राजमती : हाय की.

अनुराधा : तोंडात नाही.

राजमती : तोंडात कसा असंल? डबीत हाय. श्रेयांस, ती माझी पिशवी दे रं. त्या पदराच्या फडक्यात बघ, चांदीची डबी.

श्रेयांस : ही? ही तर गंधाची डबी.

राजमती : गंध काढून घासून घेतली. उकळलेल्या पाण्यानं धुतली. घे अनू, बघ, एक तंतू बी तुटला न्हाय. जसा तू घातलास तसा हाय.

अनुराधा : तू काढलास? कशानं?

राजमती : केसातल्या आकड्यानं. हळू काढला. रोज सांजचं काढती, दिस मावळायच्या आत. धुती, डबीत ठेवती. सकाळी दिस उगावला की परत बसवती. आज सकाळी तेवढा बसंना झाला. सूज आलीया न्हवं.

अनुराधा : रोज?

राजमती : रोज.

अनुराधा : परत बसवायला काय वापरायचीस?

श्रेयांस : मी सांगतो. माधवीनं बघितलं म्हणून तर आज गाडीत घालून आणली. सकाळी खिडकीत उभी हुती, एका हातात आरसा, एका हातात गोधडी शिवायची सुई. माधवीला वाटलं काटा काढतीया. जवळ गेली तर सुईचं मागचं टोक हिरडीत. माझी बायको अशी भिणारी न्हाय, आक्का, पण मला बोलवाय गोठ्यात पळत आली.

राजमती : मागच्या टोकानं करत हुते. पुढच्या न्हाय.

अनुराधा : आई, अगं...

राजमती : तूच म्हणालतीस, ह्यो धागा विरघळणारा न्हाय, धा दिसांनी मीच काढणार. मग म्या म्हटलं, काढायचाच हाय तर रोज सांजचं काढला तर काय बिघडतंय. दिवसा औषध, रात्री पोटात काय न घ्यायचा नियम. दोन्ही सांभाळलं.

अनुराधा : विरघळणारे धागे मी का घातले नाहीत, ठाऊक आहे तुला? ते जनावराच्या नाहीतर माशाच्या कातडीपासून होतात. खुर्चीत बसल्या बसल्या तू पहिला प्रश्न तोच विचारला होतास, हे कशाचं केलंय म्हणून. चार ठिकाणी फोन करून, हुडकून, हा वेगळा धागा मागवला मी. तुझ्यासाठी. आणि तू तो गोधडीच्या सुईनं...

राजमती : रागावू नगंस.

अनुराधा : रागावत नाही मी. ऐक. हिरडी दाताला घट्ट चिकटून असायला पाहिजे. तुझी सुटलीय. दात आणि हिरडीच्या मध्ये खोल खिसे झालेत, त्या खिशात घाण साठते, आणि आतलं हाड झिजत जातं. खरडणं हे खरं काम, ते मी केलं. पण एवढ्या खोल खिशात नुसतं खरडून भागत नाही, म्हणून त्याच्या जोडीला हा धागा. त्यातनं औषध थोडं थोडं झिरपतं. रात्रंदिवस. मध्ये खंड पडला की ते आतले किडे परत डोकं वर काढतात.

राजमती : रात्रंदिवस झिरपतं, त्येच म्हणते मी. रात्री झिरपलं की थुंकीत येणार. थुंकी गिळली की पोटात जाणार. पहिल्या रात्री म्या तसाच ठेवला हुता. भांडं घेऊन बसले, थुंकत. उजाडंपतूर थुंकले. पण झोप लागली तर? एक घोट गेला तर?

श्रेयांस : आन् मला सांगितलं, आक्कानं थुंकाया सांगितलंय.

अनुराधा : आई, ते किती असतं? डोळ्याला दिसणार नाही एवढं.

राजमती : डोळ्याला दिसत न्हाय म्हणून तर पाणी गाळून पितो आपण.

अनुराधा : गोळ्या दिल्या, तर रात्रीची घ्यायची नाहीस. दोनच घेतल्यास, त्यानंही पोट बिघडलं. म्हणून तर हे निवडलं मी. पोटात जायला नको, वेळ सांभाळायला नको, जिथं दुखणं तिथंच औषध. मला वाटलं, आईसाठीच काढलंय कुणीतरी.

राजमती : मग सगळेच काढून टाक की दात. कवळी बसव. त्या मालुबाईनं बसवलीया, चणं फोडती. मला बी म्हणाली, राजमती, हालणाऱ्या खांबाला किती दिस टेकू लावणार.

अनुराधा : मालुबाईला साखर नाही. तुझी साखर एवढी वर असताना एकदम सगळे दात उपटले तर जखमा भरायच्या नाहीत. आणि हिरडी अशी पेटलेली असली की साखर खाली येत नाही. ही दोन्ही दुखणी एकमेकांचा हात धरून आहेत, आई. हिरडी शांत केली तरच साखर जरा ऐकेल.

राजमती : कुणीच ऐकंना झालंय ह्या अंगात.

अनुराधा : दिवस किती आहे अजून?

श्रेयांस : हाय. समोरच्या पत्र्यावर ऊन हाय अजून.

अनुराधा : मग आधी तू जेवून घे, आई. औषध घातलं की तासभर खाता यायचं नाही, आणि तासाभरानं तू खाणार नाहीस. माधवीनं डबा दिलाय ना? बाहेर बाकावर बस, तिथं ऊन येतं. कापूस काढते. चूळ भर आणि जा. सावकाश.

राजमती : सावकाशच जेवती मी. दुसरं येतंय काय मला.

(राजमती डबा घेऊन बाहेरच्या बाकावर जाते. दार अर्धं उघडंच राहतं.)

श्रेयांस : हळू बोल. कानानं अजून चांगली हाय.

अनुराधा : सुईचं मला आजच का कळलं? फोन करता येत नव्हता तुला?

श्रेयांस : मलाच आज सकाळी कळलं. आक्का, तू निपाणीत असतीस, महिन्यातनं एकदा येतीस, जेवून जातीस. तुला ती रोजची दिसत न्हाय. मी सांगतो कसं चाललंय ते. सांज झाली की माधवी तिच्याम्होरं ताट ठेवती. मऊ भात, मुगाची आमटी, भाकरी असली तर दुधात कुस्करून. आई पहिला घास घेती आन् फिरवत बसती. इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. पुढचे हालतात, मागचे दुखतात. मी ताटाकडं बघत न्हाय मग. पश्चिमेकडं बघत बसतो. दिस उसाच्या शेंड्याला टेकतो. अजून निम्मं ताट तसंच असतंय. दिस शेंड्याआड गेला की ती हात धुती. तोंडात घास असला तर तो बी काढून ठेवती.

अनुराधा : आणि तू काय करतोस?

श्रेयांस : काय करू? एकदा म्हटलं, आई, ढग हायत, दिस बुडाला का हाय ते दिसंना झालंय, खा. तर म्हणाली, कोंबड्या खुराड्यात गेल्या, त्यास्नी कळलं, तुला कळंना? हसली. मी बी हसलो. आन् गोठ्यात जाऊन बसलो.

अनुराधा : तिचं पोलकं बघितलंस? खांद्यावरनं उतरतंय.

श्रेयांस : दोनदा आत घेतलं माधवीनं. आता शिवणीला जागा न्हाय म्हणती. परवा न्हाणीत चक्कर येऊन भिंतीला टेकली. साखर तपासली तर मशीनवर आकडा उठंना, नुसती अक्षरं आली. डॉक्टर म्हणाले, रात्रभर पाण्याविना ठेवू नका, किडनीवर येईल. तिला सांगितलं. ऐकून घेतलं, मान हलवली आन् सांजच्याला तांब्या पालथा घातला. आक्का, आई आमच्या डोळ्यांदेखत सरत चाललीया. रोज एक घास कमी. मी पोटच्या पोराला दटावून चारतो, पर आईला कसं चारू? तिच्या तोंडात बोटं घालू?

अनुराधा : रडू नकोस. ऐकू जाईल.

श्रेयांस : रडत न्हाय. मी काय म्हणतो, ते दुसरं औषध हाय न्हवं तुझ्याकडं? तू मागं सांगितलं हुतंस. पातळ असतंय, सुईनं हिरडीत सोडायचं, आत गेलं की घट्ट हुतंय. त्ये काढता येत न्हाय म्हणालतीस.

अनुराधा : फडताळात आहे. मागवून ठेवलंय.

श्रेयांस : मग घाल की. तिला सांगू नगंस. नुसतं धुतलं म्हणून सांग. औषध झिरपतंय हे तिला कळलंच न्हाय तर पाप तिला कसं लागंल? माझ्यावर लागू दे.

अनुराधा : तुला वाटतं, माझ्या मनात आलं नसेल? मघापासून तेच घोळतंय. पण श्रेयांस, आमच्या कॉलेजात शिकवलेलं सोड. ह्या खुर्चीत आई डोळे मिटून तोंड उघडते. मी काय हातात घेतलंय ते बघतसुद्धा नाही. डोक्यावरचा पदर जिनं कधी आप्पापुढं, नवऱ्यापुढंसुद्धा, ढळू दिला नाही, ती माझ्यापुढं अशी बसते. त्या उघड्या तोंडात मी खोटं घालू?

श्रेयांस : मग खरं बोलून घाल आन् तिला मरू दे.

अनुराधा : असं बोलू नकोस रं.

श्रेयांस : चुकलं. चुकलं माझं. आज सकाळीच मी बस्तीच्या देवळात जाऊन आलो, आक्का. तिला ठाऊक न्हाय. चातुर्मासाला मुनीमहाराज आल्यात, त्येंच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. धागा, साखर, चक्कर, सगळं. त्येंनी शांतपणे ऐकून घेतलं. हिरडीत बसलेलं औषध म्हणजे काय जेवण न्हवं, म्हणाले. शरीर टिकलं तरच नियम टिकतो. पण तिच्या मनात किंतू असंल, तर तिनं ज्यांच्याकडनं नियम घेतला त्यांचं नाव सांग, त्यांच्याकडनं निरोप मागवू. ते नसतील तर त्यांच्या शिष्यांकडनं.

अनुराधा : मग? विचारलंस आईला?

श्रेयांस : आडून आडून इचारलं. आई, तुझा रात्रीच्या पाण्याचा नियम कुणी दिला गं? तर म्हणाली, म्हशीला वैरण टाकलीस का.

अनुराधा : मलाही तसंच करते. मला आठवतंय तेव्हापासून तिचा हा नियम आहे. माझ्या लग्नात, भर मांडवात, सगळे सरबत पीत होते तेव्हा ही घसा कोरडा करून पाहुण्यांना वाढत होती. आजी तर रात्री जेवायचीसुद्धा. मग हिनंच एवढं कडक कुणाकडनं घेतलं?

श्रेयांस : ऐक. गाती बघ.

अनुराधा : ओवी?

राजमती : "दिस डोंगराच्या आड, पाणी भरलं घागरी... तहानेली माझी मैना..."

अनुराधा : थांबली.

श्रेयांस : तिथंच थांबती. लहानपणापासनं ऐकतोय मी. पुढची ओळ कवाच म्हणत न्हाय.

अनुराधा : दातांतनं वारा जातो, म्हणून असेल आता.

श्रेयांस : तवा तर दात हुते की.

अनुराधा : आली. तोंड पूस.

राजमती : झालं बाई जेवण. तुमचं बोलून झालं का? दोघांची डोकी लहानपणी अशी जुळली की काहीतरी फुटायचं घरात.

अनुराधा : डबा बघू. आई, अर्धा भात तसाच आहे.

राजमती : सकाळी गाईला घालीन.

अनुराधा : अजून ऊन आहे. खा ना थोडा. मी भरवते.

राजमती : न्हाय जात. साकु, बास झालं. तू काय करणार हायस ते कर.

अनुराधा : बस खुर्चीत. काय करणार ते आधी सांगते, मग तोंड उघड. हे बघ, ही सुई. ह्यात पातळ औषध आहे. हिरडीच्या खिशात सोडलं की ते घट्ट होऊन बसतं. ह्यात जनावराचं काही नाही, मी विचारून घेतलंय. हे तुला काढता येणार नाही. आकड्यानं नाही, सुईनं नाही. आठवडाभर ते आत राहील आणि झिरपत राहील. रात्रीसुद्धा. लपवायचं नाही मला. आज रात्री तुझ्या थुंकीत हे असणार.

राजमती : मग नगं.

अनुराधा : हे नको, गोळ्या नकोत, धागा नको. मग काय करू मी? आई, माझ्याकडं बघ. मी तुझ्या वयाच्या किती बायकांच्या हिरड्या बघते. निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायका, जन्मभर मिशरी लावलेल्या, त्यांच्याही हिरड्या ह्या औषधानं धरतात. त्या हसत भाकरी दाखवायला येतात मला. आणि माझी आई, जिनं आयुष्यात मिशरीला बोट लावलं नाही, ती माझ्यासमोर भुकेनं वाळत चाललीय. मला रात्री झोप लागत नाही. घास घेतला की तुझं ताट दिसतं.

राजमती : तू जेवत जा बाई. तू पोटभर जेवत जा. माझं काय.

अनुराधा : डॉक्टरचं कधीच ऐकायचं नाही, असं तरी नव्हतं ना तुझं. मी चार वर्षांची असताना बेळगावात पोट चिरलं माझं. हा एवढा व्रण आहे अजून. तेव्हा डॉक्टरांचं ऐकलंस ना? तेव्हा नियम मध्ये आणलास?

राजमती : ऐकलं. तवा लई ऐकलं डॉक्टरचं.

अनुराधा : मग आता माझं ऐक.

श्रेयांस : आई, मी बस्तीत जाऊन आलोय. महाराजांना सगळं सांगितलं. ते म्हणाले ह्यात दोष न्हाय. जेंनी तुला नियम दिला त्येंचं नाव सांग, त्येंच्याकडनं बी निरोप आणतो. श्रवणबेळगोळला असू देत न्हाय तर आणि कुठं. आज रात्री निघतो.

राजमती : तू कशाला गेलतास?

श्रेयांस : कशाला म्हणजे? आई मराय लागलीया म्हणून गेलतो.

राजमती : महाराजांना तरास दिलास. ह्यो नियम कुठल्या महाराजांनी दिल्यालाच न्हाय.

श्रेयांस : मग? आजीनं?

राजमती : तुझ्या आजीला तर पटायचंच न्हाय. रात्री दूध पिऊन झोपायची ती. मला म्हणायची, बारीकसारीक पोरं पदरात, कशाला घेतीस असलं. म्या म्हटलं, घेतलंय.

अनुराधा : म्हणजे तू तुझा तूच घेतलास?

राजमती : व्हय.

श्रेयांस : मग सुटलं की. ज्यानं बांधलं त्यानं सोडायचं. आक्का, घाल औषध.

राजमती : तसं नसतंय ते. माझ्या हातानं सुटणारं असतं तर पहिल्या चक्करीलाच सोडलं असतं. मला का तहान लागत न्हाय? साखर झाल्यापासनं तर नरड्यात वाळू पेरल्यावाणी होतंय. रात्री मोरीत नळ ठिबकतो त्यो मोजत पडती मी.

अनुराधा : मग कुणाच्या हातानं सुटतं? सांग. मी जाते त्याच्याकडं. पाया पडते.

राजमती : पाया पडून न्हाय. ज्याच्यासाठी घेतला त्यानं 'पुरं' म्हणायला पायजे.

अनुराधा : कुणासाठी घेतला होतास?

राजमती : उन्हं कुठं आलीत रं, श्रेयांस?

श्रेयांस : पत्र्यावरनं उतरली. समोरच्या भिंतीवर हायत.

राजमती : माझं उकळलेलं पाणी गाडीतच र्‍हायलं. आण जा. दिस हाय तंवर दोन घोट घेती.

श्रेयांस : आक्काकडं बाटली हाय की.

राजमती : घरचं गाळल्यालं आण. आन् गाडी जरा सावलीतनं काढून तोंड घराकडं करून लाव. जा बाबा.

श्रेयांस : जातो. पण आक्का, मी येईपतूर तिला सोडू नगंस.

अनुराधा : तू जा. आई, तो गेला. सांग आता. कुणासाठी? आप्पासाठी असेल तर आप्पा गेला. त्याच्या फोटोपुढं मी उभी राहून 'पुरं' म्हणते.

राजमती : आप्पासाठी न्हाय.

अनुराधा : आहे का तो माणूस? जिवंत आहे?

राजमती : हाय. चांगला धडधाकट हाय. अजून उदंड जगू दे.

अनुराधा : मग एवढी वर्षं त्याला विचारलं का नाहीस? तू इकडं तडफडतेस, आणि त्याला ठाऊकच नाही?

राजमती : ठाऊक न्हाय. सांगितलं असतं तर लगीच 'पुरं' म्हणालं असतं ते. तसलंच हाय ते, रागीट आन् मऊ. मग माझी काय गत? मी पाणी पिऊन निजले असते, आन् रोज उठून पहिली त्याची खुशाली इचारली असती. ह्यात एक बरं असतंय बघ. घसा कोरडा पडला की वाटतंय, चाललंय माझं, तिकडं बी ठीक असंल.

अनुराधा : तिकडं म्हणजे कुठं?

राजमती : आदी ती सुई खाली ठेव.

अनुराधा : ठेवली.

राजमती : हितं स्टुलावर बस. जवळ. मघाशी आवाज म्हणत हुते न्हवं, त्यो आयाबाईचा. बेळगावच्या दवाखान्यातल्या. तुझ्या आतड्याला पीळ पडला हुता. मोठा डॉक्टर सकाळी येणार म्हणाले. आप्पा रक्तासाठी गावात फिरत हुता. आयाबाई दारात उभी र्‍हाऊन सांगून गेली, आन् दिवा बारीक केला.

अनुराधा : पाणी द्यायचं नाही.

राजमती : ओठ सुद्धा भिजवायचे न्हाईत. चूक न्हवती तिची. दिलं असतं तर तू र्‍हायली नसतीस, डॉक्टर बी सकाळी त्येच म्हणाला. समदं बरोबर हुतं. पण तुला काय कळतंय तवा? चार वर्सांची तू. तुला वाटलं, आई देत न्हाय.

अनुराधा : मला काहीच आठवत नाही, आई.

राजमती : नगंच आठवू दे. म्हणून तर कवा सांगितलं न्हाय. पहिल्यांदा 'आई, पाणी' म्हणालीस. मग नुसतं 'पाणी'. मग आवाज जाऊन नुसते ओठ हालायला लागले. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर ते बी येईना. तवा मनात म्हटलं, हिच्या नरड्याखाली जात न्हाय ते माझ्या बी नगं. हिनं सकाळ बघितली तर माझ्या समद्या रात्री हिच्या.

अनुराधा : आई...

राजमती : घरनं निघताना पाणी गाळून भरून आणलेलं. थंडगार. तू रातभर पाणी मागत हुतीस, अनू. आन् भरलेला तांब्या माझ्याच मांडीवर हुता.